डुआयडींचा (एकाच माणसाच्या डुप्लिकेट आयडींचा) बंदोबस्त कसा करावा?

प्रश्न: आमच्या चर्चेच्या संकेतस्थळावर एकच माणूस चार-पाच आयडी घेऊन धागे (चर्चा) भरकटवतोय, स्वतःलाच अनुमोदन देतोय. आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) ब्लॉक केला की नवा आयडी हजर. संचालकांनी नेमकं काय करावं?

प्रतिसाद १: नुसत्या आयपीवर जाऊ नका. मोबाइल नेटवर्कवर सीजीनॅटमुळे (एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटण्याची पद्धत) असंख्य लोक एकाच पत्त्यामागे असतात. तो अडवलात तर निरपराध सदस्य बाहेर आणि हा व्हीपीएन (खरा आयपी लपवणारी सेवा) लावून आत! खरा पुरावा लिहिण्यात सापडतो: स्वल्पविरामाआधी सोडलेली जागा, 'कि' आणि 'की'ची ठरावीक गल्लत, तीनऐवजी दोनच टिंबं. लॉगिनच्या वेळाही शेजारीशेजारी मांडा. एक आयडी बाहेर पडला की लगेच दुसरा आत येतो का? तरी दोन-तीन खुणा जुळल्याशिवाय कारवाई नको. एका घरातले दोघं एकच वायफाय वापरत असतात.

प्रतिसाद २: सहमत. शिवाय नव्या आयडीचे पहिले ५ प्रतिसाद मंजुरीनंतरच दिसू द्या. त्याला हवी असते तत्काळ खळबळ, तीच मिळत नाही.

प्रतिसाद ३: कसा पकडला ते मात्र जाहीर लिहू नका, पुढच्या वेळी नेमकी तीच खूण लपवेल. सदस्यांनीही उत्तर न देता तक्रारीचं बटण दाबावं.