पुरावा आधी, उलगडा नंतर: रहस्यकथांनंतर कोणत्या विज्ञानकथा वाचाव्यात?

जिज्ञासू

शेरलॉक होम्सच्या सर्व कथा आणि अगाथा ख्रिस्ती यांच्या बहुतेक गाजलेल्या कादंबऱ्या वाचून झाल्या आहेत. उलगड्यासाठी लागणारे धागेदोरे आधीच्या पानांत कुठे ना कुठे विखुरलेले असतात आणि शेवट कळल्यावर मागे जाऊन ते पडताळून पाहता येतात, हा या पुस्तकांमधला माझा सर्वांत मोठा आनंद आहे. आता विज्ञानकथांकडे वळावे असे मनात आहे, पण एक शंका अडवते. जिथे लेखकाला हवे ते यंत्र आणि हवा तो ग्रह निर्माण करण्याची मुभा आहे, तिथे वाचकाने तर्क करावा तो कशाच्या आधारावर? शोध आणि अनुमान यांना ज्यांत खरोखर स्थान आहे अशा जुन्या, मान्यताप्राप्त विज्ञानकादंबऱ्या कृपया सुचवाव्यात. रहस्यकथांमध्ये माझे काही राहून गेले असेल तर तेही सांगावे. उलगडा मात्र कोणीही उघड करू नये.

धूमकेतू

ही शंका तुमच्या आधी एका मातब्बर संपादकाने घेतली होती. विज्ञानकथा आणि रहस्यकथा यांचा मेळ बसूच शकत नाही, असे जॉन कॅम्बेल यांचे मत असल्याचे आयझॅक असिमॉव्ह यांनी लिहून ठेवले आहे. असिमॉव्ह यांनी त्याला उत्तर दिले ते 'द केव्ह्ज ऑफ स्टील' या कादंबरीने, जी आधी मासिकातून क्रमशः आली आणि १९५४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दूरच्या भविष्यकाळात पृथ्वीवरची माणसे छताखालच्या अवाढव्य शहरांत राहतात, उघड्या आकाशाची त्यांना भीती वाटते, आणि अशा काळात परग्रहांवर स्थायिक झालेल्या मानवांपैकी एका शास्त्रज्ञाचा खून होतो. तपास करणारा इलायजा बेली हा साधा पोलीस अधिकारी आहे आणि त्याच्या जोडीला दिलेला सहकारी हुबेहूब माणसासारखा दिसणारा यंत्रमानव आहे.

यात वाचकाला आधार कोणता, तर नियमांचा. यंत्रमानव माणसाला इजा करू शकत नाही, शहराबाहेर पाऊल टाकण्याच्या कल्पनेनेच शहरवासीयांच्या अंगावर काटा येतो, या गोष्टी लेखक सुरुवातीपासून सांगत राहतो आणि पुढचे सगळे अनुमान त्यांच्याच चौकटीत चालते. १९५७ सालची पुढची कादंबरी 'द नेकेड सन' मला याहून सरस वाटते, कारण तिथे अवघ्या वीस हजार लोकसंख्येच्या ग्रहावर लोक एकमेकांना प्रत्यक्ष भेटणेच किळसवाणे मानतात आणि तरीही कोणीतरी जवळ जाऊन खून केलेला असतो. अख्ख्या समाजाच्या चालीरीतींनीच बंद खोलीचे, म्हणजे खुनी आत-बाहेर जाऊच शकला नसता अशा जागेचे, काम करावे, ही कल्पना मला अन्यत्र इतक्या नेटकेपणाने वापरलेली आढळली नाही. व्यक्तिचित्रण सामान्य आहे, हेही सांगून ठेवतो. तिथे फार अपेक्षा ठेवू नयेत.

बंद खोली

धूमकेतू यांच्याशी सहमत आहे. त्याला थोडी पुस्ती जोडतो. रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी जे दहा नियम मांडले, त्यांतला एक नियम असा की आजवर अज्ञात असलेले विष किंवा शेवटी लांबलचक शास्त्रीय स्पष्टीकरण द्यावे लागेल असे उपकरण वापरू नये. म्हणजे हरकत उपकरणाला नसून त्याची ओळख शेवटी करून देण्याला आहे, आणि ते पथ्य विज्ञानकथेलाही पाळता येते.

मात्र अभिजात रहस्यकथा सरसकट वाचकाशी प्रामाणिक असतात, हे गृहीतक मला मान्य नाही. होम्सच्या कित्येक कथांत त्याने काय पाहिले हे आपल्याला तो सांगेपर्यंत कळतच नाही. तिथे आपण तर्क करत नसतो, त्याचा तर्क ऐकत असतो. उलट ख्रिस्ती यांच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) या कादंबरीवर फसवणुकीचा आरोप झाला, आणि नेमकी तीच मला अत्यंत काटेकोर वाटते. ती वाचली नसल्यास प्रस्तावनाही न पाहता वाचावी.

राहून गेले असण्याची शक्यता असलेली दोन नावे सुचवतो. जॉन डिक्सन कार यांच्या 'द हॉलो मॅन' (१९३५) या कादंबरीत तपास करणारे डॉ. फेल मध्येच एक संपूर्ण प्रकरण बंद खोलीतल्या खुनाच्या निरनिराळ्या युक्त्यांवर व्याख्यान देतात, आणि आपण एका रहस्यकथेतली पात्रे आहोत हेही मान्य करून टाकतात. अमेरिकेत हे पुस्तक 'द थ्री कॉफिन्स' या नावाने निघाले, त्यामुळे दोन वेगळी पुस्तके समजून दोन्ही घेऊ नयेत. दुसरे नाव जोसेफिन टे यांच्या 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१) या कादंबरीचे. रुग्णालयात खाटेला खिळलेला एक पोलीस अधिकारी तिसऱ्या रिचर्ड राजावर असलेल्या पुतण्यांच्या हत्येच्या आरोपाचा तपास केवळ ग्रंथ आणि जुन्या नोंदी यांच्या आधारे करतो. पाठलाग नाही, धोका नाही, तरीही पुस्तक खाली ठेवावेसे वाटत नाही.

निवांत वाचक

आल्फ्रेड बेस्टर यांची 'द डिमॉलिश्ड मॅन' कोणी कशी सुचवली नाही? १९५३ मध्ये विज्ञानकादंबरीसाठीचा पहिला ह्यूगो पुरस्कार याच कादंबरीला मिळाला. पोलीस दुसऱ्याच्या मनातले विचार वाचू शकतात, अशा जगात खून करून सुटायचे कसे, हा तिचा विषय आहे. खुनी कोण हे पहिल्यापासून ठाऊक असते, पण त्याने खून नेमका का केला हे शेवटपर्यंत हाती लागत नाही.

कृष्णविवर

वरील सर्व पुस्तकांत शेवटी उत्तर मिळते. विज्ञानकथेचे खरे बळ मला अनुत्तरित शोधात दिसते, म्हणून वेगळ्या वाटेची नावे देते. आर्थर क्लार्क यांच्या 'राँदेव्हू विथ रामा' (१९७३) मध्ये पन्नास किलोमीटर लांबीचे एक पोकळ दंडगोल यान सूर्यमालेत शिरते आणि आत उतरलेले संशोधक त्याचा कोपरा न् कोपरा तपासतात. ते बांधणारे कोण, हा प्रश्न शेवटीही उरतोच. स्टानिस्लाव्ह लेम तर त्याही पुढे जातात: १९५९ सालच्या त्यांच्या 'द इन्व्हेस्टिगेशन' या कादंबरीत शवागारांतली प्रेते हलल्याच्या आणि नाहीशी झाल्याच्या तक्रारींचा स्कॉटलंड यार्ड तपास करते, एक संख्याशास्त्रज्ञ त्या घटनांचे सूत्रही मांडतो, पण सूत्र सापडले म्हणजे कारण सापडले का, यावर वाचक अडून राहतो. जिज्ञासू यांना याचा राग येण्याची शक्यता आहे.

मराठीत वाचायचे असेल तर जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला' घ्यावी. आशय सांगत नाही. तिच्यातला शोधही पुराव्यांवरच पुढे सरकतो.

जिज्ञासू

सर्वांचे मनापासून आभार. नियम आधी सांगितले की विज्ञानकथाही तपासून पाहता येते, हे पटले. प्रेतांच्या कादंबरीचा राग येईल की नाही, ते वाचूनच ठरवेन. बेलीच्या दोन्ही कादंबऱ्या क्रमानेच वाचाव्यात का?

धूमकेतू

होय, क्रमानेच. दुसरीत बेलीला उघड्या आकाशाखाली वावरावे लागते, आणि त्याला त्याचे इतके भय का वाटते हे पहिलीतली शहरे पाहिल्याशिवाय पुरते उमगत नाही.