दोघेही थॅलेसेमिया मायनर: भ्रूणाची तपासणी कोणती करावी?

जाईजुई: नमस्कार. आम्ही दोघेही बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक (मायनर) आहोत, हे लग्नानंतर कळले. माझ्या गर्भनलिका बंद असल्याने आयव्हीएफ करावेच लागणार आहे. डॉक्टरांनी पीजीटी-एम आणि पीजीटी-ए अशा दोन्ही तपासण्या सुचवल्या आहेत. दोन्ही आवश्यक आहेत का? शिवाय वाहक भ्रूण निघाल्यास तो नाकारावा का? माझे वय ३१ आहे.

पिंपळपान: या दोन तपासण्यांची गल्लत करू नका. पीजीटी-एम ही तुमच्या दोघांच्या नेमक्या जनुकीय दोषाचा शोध घेते, तर पीजीटी-ए केवळ गुणसूत्रांची संख्या पाहते आणि तिशीच्या आसपासच्या स्त्रीला तिचा सरसकट लाभ होतो, हे अद्याप वादग्रस्त आहे. पहिलीसाठी आधी तुमचे दोष निश्चित करून, बहुधा दोन्हीकडच्या आईवडिलांचेही रक्त घेऊन पूर्वतयारी करावी लागते. म्हणून इंजेक्शने सुरू करण्याची घाई करू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या ज्या बाह्य आवरणातून पुढे वार तयार होते, त्यातील मोजक्या पेशी काढतात आणि अहवाल येईपर्यंत भ्रूण गोठवून ठेवतात.

ओसरी: वाहक भ्रूण मुळीच नाकारू नका. हिशेबाने दर चारांत एक मेजर (प्रत्यक्ष आजार असलेला), दोन मायनर (केवळ वाहक) आणि एक पूर्णतः निर्दोष. मात्र हातात मोजकेच भ्रूण असतात, तेव्हा हा हिशेब पाळला जाईलच असे नाही. आमच्या तीन भ्रूणांपैकी एक मेजर आणि दोन मायनर निघाले. एका केंद्राने ‘निर्दोष मिळेपर्यंत पुन्हा प्रयत्न करू’ असे सुचवले, तेव्हा मी विचारले, ‘मी स्वतः मायनर आहे, मला काय झाले आहे?’ मायनर भ्रूणच रोपला. पेशी थोड्या असल्याने तपासणीत क्वचित चूक होऊ शकते, म्हणून बाराव्या आठवड्यात वारेचा नमुनाही तपासून घेतला. लेक आता चार वर्षांची आहे. तिच्या लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करायची, एवढेच लक्षात ठेवले आहे.

कायदेपंडित नव्हे: एक पुरवणी. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूणाची अशी तपासणी ज्ञात आनुवंशिक वा जनुकीय आजारांपुरतीच करता येते. मुलगा की मुलगी, हे विचारू नका आणि कोणी आपणहून सांगू लागल्यास तिथून उठा.

जाईजुई: आभार. सासू-सासऱ्यांचे रक्त मागण्यासाठी त्यांना सगळे समजावून सांगावे लागेल. ती तपासणीपेक्षा अवघड गोष्ट दिसते.