कॉलेजातून 'पास आउट' झालो, असं म्हणावं का?

गंगापूररोडची आई: परवा मुलीची एका अमेरिकन कंपनीसाठी व्हिडिओवर मुलाखत झाली. 'आय पास्ड आउट इन 2022,' असं ती म्हणाली. समोरची बाई थबकली आणि काळजीने विचारलं, आता बरी आहेस ना? तिकडे पास आउट होणं म्हणजे शुद्ध हरपणं. पोरगी जी गडबडली ती शेवटपर्यंत सावरली नाही. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हे कोणीच कसं सांगितलं नाही? 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'ती 2022ची पासआउट' हे तर बंदच करा.

सातपूरकर: अजिबात पटलं नाही. माझा भाचा त्र्यंबक रोडच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून फौजदार होऊन बाहेर पडला. निमंत्रणावर छापलं होतं, पासिंग आउट परेड. त्याच्या खांद्यावरच्या दोन ताऱ्यांवरून ताई कितीतरी वेळ हात फिरवत होती. हा शब्द आपण बनवलेला नाही, इंग्रजांच्या फौजेतला आहे. ब्रिटिश शब्दकोशात आजही दोन्ही अर्थ आहेत. मुलीचं काय चुकलं?

देवळाली कॅम्प: मुदत संपलेले गोरे सोजीर बोटीची वाट बघत आमच्या कॅम्पात महिनोन्‌महिने पडून असायचे. ऊन, ताप, रिकामपण. काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत 'डूलॅली' शब्द आला, अर्थ भ्रमिष्ट. आमच्या गावाचं नाव त्यांनी वेडाला दिलं, ते चालतं. मग त्यांचं एक क्रियापद आपण कॉलेजात नेलं तर बिघडलं कुठे? आपल्याकडे घसा बसतो, धंदा बसतो, गाठ बसते. कोणी अडतं का?

गंगापूररोडची आई: अडत नाही, कारण ऐकणाराही मराठीच असतो. माझ्या मुलीसमोर तसं कोणी नव्हतं. आणि सातपूरकर, ब्रिटनमध्येही तो शब्द फौज-पोलिसांच्या प्रशिक्षणाला लावतात, बी.कॉम.ला नाही. भाच्याच्या परेडला तो शोभतोच, मनापासून अभिनंदन.

सातपूरकर: बी.कॉम.चं मान्य. पण 'बंद करा' नको. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत एचआरवालाच विचारतो, पासआउट इयर काय? फॉर्मवर रकानाही तोच. तिथे पोरांनी काय लिहायचं?

गंगापूररोडची आई: तिथे वर्ष लिहावं आणि पुढे जावं. मुलीची उद्या दुसरी मुलाखत आहे, पुन्हा तिकडचीच. रात्री जेवताना तिच्याकडून 'आय ग्रॅज्युएटेड' घोकून घेतलंय.