लेक डिस्ट्रिक्टमध्ये पहिली डोंगरवाट कोणती निवडावी?

प्रश्न: येत्या मे महिन्यात आम्ही दोघे लेक डिस्ट्रिक्टमध्ये चार दिवस डोंगर चढण्यासाठी जाणार आहोत. इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक (९७८ मीटर) पहिल्याच दिवशी गाठावे का? शिवाय, खासगी शेतांतून जाणाऱ्या वाटांवर चालण्याची खरोखरच मुभा असते का?

उत्तर १: सुरुवात कॅटबेल्सने करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. उंची अवघी ४५१ मीटर असली तरी माथ्याखालच्या खडकांवर हातांचा आधार घ्यावा लागतो, आणि वर पोहोचताच डरवेंटवॉटर तलाव आपल्या हिरव्या बेटांसह पायाशी पसरलेला दिसतो. ते दृश्य मला आजही विसरता येत नाही. स्काफेल पाइकच्या माथ्यावर मात्र सुट्या दगडांचा खच आहे आणि धुके उतरले की वाट सापडत नाही, म्हणून नकाशा व होकायंत्र वापरता आल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

उत्तर २: होय, मुभा असते. पिवळ्या बाणाची पायवाट सार्वजनिक हक्काची असते, मग शेत कोणाचेही असो. २००० सालच्या कायद्यानुसार नकाशावर दाखवलेल्या मोकळ्या डोंगराळ भागात वाट सोडूनही चालता येते. फाटक मात्र जसे आढळले तसेच ठेवावे. त्या दिवसांत कुरणांत कोकरे असतात.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. पहिला दिवस कॅटबेल्सचाच ठरवला आहे.