मदत हवी आहे: पतसंस्थेचा बॅकअप रॅन्समवेअरपासून कसा वाचवायचा?

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं आयटी मी एकटाच बघतो. टॅलीचा डेटा, कर्जदारांची स्कॅन केलेली कागदपत्रं, सगळं एका नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या सामायिक स्टोरेजवर). बॅकअपची हार्डडिस्कही त्यालाच दिवसरात्र जोडलेली. रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर) शिरलं तर दोन्ही एका फटक्यात लॉक होतील, हे संचालकांना पटवता पटवता नाकी नऊ आलेत. तीन प्रती, दोन माध्यमं, एक प्रत बाहेर हा नियम ठाऊक आहे. पण कमी बजेटात ती बाहेरची प्रत ठेवायची कुठे? क्लाउडवर ऑब्जेक्ट लॉक (ठरलेल्या मुदतीपर्यंत प्रत बदलता किंवा पुसता न येण्याची सोय) लावून, की रोज डिस्क काढून बँकेच्या लॉकरमध्ये? शिवाय काउंटरचे पीसी अजून विंडोज १० वरच आहेत आणि त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. आधी पैसे कुठे घालू? कुणी अशा छोट्या संस्थेत हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.