अनुभव धागा: वॉरंटीतली एटीव्ही आणि बाहेरचा ऑइल फिल्टर

कलमांच्या वाटेवर (धागा काढणारा)

आमची एटीव्ही (जाड टायरांची, कच्च्या वाटेने चालणारी चारचाकी) सात महिन्यांची आहे. गुहागरकडे डोंगरउतारावर कलमं आहेत. फवारणीचे कॅन, पंपाचं सामान आणि मे महिन्यात आंब्याचे क्रेट वाहायला ती घेतली, कारण जीपला वाट नाही आणि डोक्यावरून वाहायला आता माणसं मिळत नाहीत. वॉरंटी एक वर्षाची.

ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा डीलरकडे फिल्टर नव्हता. "पंधरा दिवसांनी फोन करा" असं त्याने तीनदा सांगितलं. डीलर कोल्हापूरला. गाडीला पासिंग नाही, म्हणजे रस्त्याने चालवत नेणं नाही, टेम्पोत घालून घाट चढवायचा. शेवटी एका नावाजलेल्या कंपनीचा बाहेरचा फिल्टर मागवला आणि इथेच खळ्यात बसवला. आता डीलर म्हणतो, "वॉरंटी गेली समजा." लिहून मात्र देत नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी पुढे काय झालं ते लिहा. ऐकीव नको, स्वतःच्या नाहीतर घरच्या गाडीचं. गाडी कुठे चालते तेही सांगा: वाळूत, बागेत की चिरेखाणीत. आणि एक विनंती. व्हिडिओ बघून "कंपनीला असं म्हणताच येत नाही" हे नको. त्या व्हिडिओंतला १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा अमेरिकेतला आहे. तिथे फिल्टर आमचाच लावा असं म्हणायचं तर कंपनीला तो फुकट द्यावा लागतो. आमच्या डीलरला तो पैसे घेऊनही देता आला नाही, ते सोडा.

वाळूवाला, नागाव

किनाऱ्यावर आमच्या चार गाड्या भाड्याने फिरतात. माझा अनुभव वाईट आहे, आणि चूक फिल्टरची नव्हती.

शनिवारची दुपार, गिऱ्हाईक रांगेत उभं. पोराला म्हटलं, पटकन फिल्टर बदलून टाक. त्याने जुना फिरवून काढला, नवा लावला, ऑइल भरलं, गाडी सोडली. पुण्याचं जोडपं घेऊन गाडी टोकापर्यंत गेली आणि परत आलीच नाही. चालत जाऊन बघितलं तर वाळूत काळी रेघ, थेट सुरूच्या बनापर्यंत. इंजिन जाम. खाली वाकून पाहिलं तर फिल्टर आणि इंजिन यांच्या मधे एक नव्हे, दोन रबरी रिंगा. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि पोराने तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. दोन रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत, ऑइलचा दाब आला की सरकतात.

कंपनीचा माणूस आला. मला वाटलं, हा आता लोकल फिल्टरच्या नावाने शिमगा करणार. त्याने फिल्टरकडे बघितलंही नाही. वॉरंटीची वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: भाड्याने किंवा धंद्यासाठी वापर केल्यास वॉरंटी लागू नाही. म्हणजे ओरिजिनल लावला असता तरी तेच. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार! किनाऱ्यावरच्या सगळ्यांना सांगतो, ती ओळ आज रात्री शोधा. फिल्टरचं नंतर बघा.

खाऱ्या वाऱ्याचं एक सांगून ठेवतो. हलक्या फिल्टरचा डबा एका सीझनमध्ये फोडाफोडांनी गंजतो. संध्याकाळी गोड्या पाण्याने गाडी धुतल्यावर त्याच्यावरून ऑइलचं फडकं फिरवा.

गॅरेज, चिपळूण

वर वाळूवाल्यांनी लिहिलंय ते महिन्यातून एकदा तरी बघतो. जुना फिल्टर काढला की बोटाने इंजिनची चकती चाचपायची, रिंग राहिलीय का. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं, हाताने फिरवत टेकवायचं, पुढे पाऊण फेरा. बस. पाना लावून आवळलेले फिल्टर मला आत स्क्रूड्रायव्हर ठोकून काढावे लागतात.

आता बाहेरच्या फिल्टरचं. बाहेरचा म्हणजे डुप्लिकेट नव्हे. चांगल्या कंपन्यांचे फिल्टर मी वॉरंटीतल्या गाड्यांना लावलेत, स्वतःच्या गाडीलाही. पण लोक आटे जुळले की खूश होतात. वीस मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे आटे कितीतरी मोटरसायकलींना आणि एटीव्हींना चालतात, म्हणून फिल्टर बसतो छानच. मात्र रिंगचा व्यास वेगळा असेल तर ती चकतीच्या काठावर टेकते आणि ऑइल गळतं.

दुसरा बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर चोंदला किंवा ऑइल थंड आणि दाट असलं की हा उघडतो आणि न गाळलेलं का होईना, ऑइल पुढे जाऊ देतो. काही इंजिनांत तो केसिंगमध्ये असतो, काहींत फिल्टरच्या पोटात. जिथे फिल्टरमध्ये हवा तिथे बिनव्हॉल्व्हचा लावला आणि तो चोंदला, तर इंजिन कोरडं चालतं. तिसरी आतली रबरी पडदी. गाडी बंद असताना ती ऑइल खाली उतरू देत नाही. हलक्या फिल्टरची पडदी कडक होते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला वरून टकटक ऐकू येते. म्हणून दुकानात "ह्या मापाचा द्या" म्हणू नका, मॉडेल आणि वर्ष सांगून फिल्टर कंपनीच्या यादीत नंबर बघा.

आणि अर्ध्या किमतीत "कंपनीचा ओरिजिनल" मिळाला म्हणून नाचू नका. खोका ओरिजिनल असतो. एकदा असा फिल्टर कापला तर आतल्या कागदाच्या घड्या एका बाजूला गोळा झालेल्या, दुसऱ्या बाजूला बोट आरपार.

लहान मुलांच्या ११०-१२५ सीसीच्या पुष्कळ गाड्यांत कागदी फिल्टरच नसतो, नुसती जाळी असते. ती धुऊन परत बसवायची. तिचे मालकही वॉरंटी आणि फिल्टरवर वाद घालायला येतात.

वाळूबद्दल: ती ऑइलमध्ये येते एअर फिल्टरकडून. तिथला फोम फाटलेला, आणि इथे ऑइल फिल्टर कुणाचा यावर भांडण. ऑइल ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, फिल्टर कुठलाही असो, गाडी चालवू नका. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर कित्येक दिवस आम्ही इंजिनांतून ताकच काढत होतो.

देवबागचो झील

माका इंजिनातला काय कळणा नाय, पण लिवतंय. आमच्याकडे एक गाडी आसा, घरच्या वापराक. वॉरंटीत असताना भायलो फिल्टर लायलंय, एकदा न्हय, तीनदा. काय एक झाला नाय. कंपनीचो माणूस इलो, बघल्यान, चाय पिलो नि गेलो. गाडी बंद पडली ती बॅटरीपायी. खाऱ्या वाऱ्यान टर्मिनल खाल्ल्यान. आता बोला.

पोफळीखालचं घर, दिवेआगर

आमचं उलटं झालं. शब्दशः उलटं.

गाडी घरच्या वाडीत सामान ओढायला. पहिला फिल्टर मी बाहेरचा लावला होता, कारण तोच मिळाला. दुसऱ्या वेळी म्हटलं, उगाच वाद नको. पनवेलला अधिकृत सर्व्हिसला पाठवली, ओरिजिनल फिल्टर, त्यांचाच मेकॅनिक. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी इंजिनचा आवाज बदलला, चौथ्या दिवशी बंद. फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न: "ताई, तुम्ही मागे लोकल फिल्टर लावला होता ना?"

आमच्या गाडीचा फिल्टर डब्याचा नाही, कागदी नळकांड्यासारखा, आत घालायचा. त्याच्या एका बाजूला भोक असतं, दुसरी बंद. आमच्या गाडीत बंद बाजू बाहेर ठेवायची. उलटा घातला तर ऑइलची वाट बंद. मी हट्टाला पेटले की माझ्यासमोर उघडा. झाकण काढलं, स्प्रिंग निघाली आणि समोर भोक. बंद बाजू आत. मेकॅनिक माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. मॅनेजर म्हणाले, "चहा घेणार का?"

बोअर-पिस्टन, हेड, सगळं कंपनीच्या खर्चाने झालं. पण माझ्याकडे पहिल्या वेळचं फिल्टरचं बिल होतं, अवर मीटरचा (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा) फोटो होता आणि तो जुना फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला होता. यजमान हसायचे, "काय ते अस्थी ठेवल्यासारखं!" नसता ठेवला तर पनवेलला माझं कोण ऐकत होतं?

कागदवाली, अलिबाग

मी गाड्यांतली नव्हे, ग्राहक तक्रारींतली. अनुभव सासऱ्यांच्या गाडीचा, मुरूडकडे नारळाच्या वाडीत चालते. गिअरमध्ये खटका यायला लागला, डीलरने फोनवर सांगितलं की बाहेरचा फिल्टर लावलाय, वॉरंटी नाही. मी एक ईमेल लिहिली. तीनच प्रश्न: बाहेरच्या फिल्टरने वॉरंटी रद्द होते हे वॉरंटीच्या कुठल्या कलमात आहे? फिल्टरमुळे गिअरचं नुकसान कसं झालं? तपासणीचा अहवाल कुठे आहे? आठ दिवस शांतता, मग "गाडी पाठवून द्या". फोनवर जी वॉरंटी जाते ती ईमेलवर पुष्कळदा परत येते.

धागाकर्त्यांसाठी थोडं. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ला १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला. त्या आदेशात असंही आहे की बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच. तो आदेश मोटारींचा आहे, एटीव्हीला जसाच्या तसा चिकटवू नका, पण मुद्दा मांडायला उपयोगी पडतो.

वाळूवाल्या दादांनी लिहिलेली अडचण कायद्यातही आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेणारा ग्राहक धरला जात नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर धरला जातो. एक गाडी स्वतः चालवणारा आणि चार गाड्यांवर पोरं ठेवणारा, यांत तिथे फरक पडतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरला फोन लावून बघा.

कलमांच्या वाटेवर

सगळ्यांचे आभार. ताईंचे तीन प्रश्न जसेच्या तसे पाठवले, पहिल्यात फक्त आमच्या वहीतल्या कलमाचा नंबर घातला. वहीत लिहिलंय: "अन्य भागामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही." अन्य भाग लावला की वॉरंटी जाते असं कुठेच नाही. दोन पानं मागे-पुढे तीनदा वाचली.

आज डीलरचं उत्तर आलं. "वॉरंटी चालू आहे. पुढच्या वेळी येताना फिल्टरचं बिल आणि काढलेला जुना फिल्टर आणावा."

बिल आहे. जुना फिल्टर त्याच दिवशी गडग्यापलीकडे भिरकावला होता. सकाळी कोयती घेऊन उतरलो, रानमोडीत तासभर शोधला. सापडला, पण आत मुंग्यांनी घर केलंय. तसाच पिशवीत बांधून ठेवलाय.