ऑनलाइन जुगारबंदीनंतर सोलापुरात काय बदललं? तुमचे अनुभव लिहा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं, ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि मला ते योग्य वाटतं, कारण त्यामुळे घरचे निदान तोंड तरी उघडतील. तुमच्या घरात, गल्लीत, कारखान्यात खरोखर काय फरक पडला? नावं टाळा.

अशोक चौक
धाकटा भाऊ टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. रात्रपाळीत एक डोळा धाग्यावर, एक रमीवर. बोललं की म्हणायचा, "जुगार न्हाय दादा, कौशल्य हाय, कोर्टानंच सांगितलंय." सुप्रीम कोर्टाने १९६७ साली रमीबद्दल तसं म्हटलं होतं खरं, आणि कंपन्या त्यावरच उभ्या होत्या. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच मिटवला. ॲपमधले पैशाचे डाव बंद झाले. सुरुवातीला घरात नुसती चिडचिड. मग हळूहळू सुटलं. मालकाकडून घेतलेली उचल मात्र अजून पगारातून कापली जाते. बंदी दोन वर्षं आधी आली असती तर वहिनीचे दागिने वाचले असते.

निवृत्त, साखर पेठ
जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. तरी आमच्या तरुणपणी टपरीवर मटक्याचे ओपन-क्लोजचे आकडे बिनदिक्कत लागायचे. सरकार स्वतः १९६९ पासून लॉटरी विकतंय. मग पोरांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

कुंभारी
मी विड्या वळते. मॅच लागली की टीव्हीवर सारखी ॲपवर पैसे लावून टीम बनवायची जाहिरात, तीही मोठमोठ्या खेळाडूंची. ते सांगणार आणि पोरगं माझं ऐकणार होय? माझ्या नावावर बचत गटातून काढलेलं कर्ज त्यानं आयपीएलमध्ये घातलं. आता जाहिराती दिसत नाहीत, धाकट्याला त्यातलं काही माहीतही नाही. माझ्यासाठी एवढंही पुष्कळ आहे. थोरला अजून रात्री जागतो. खेळत नाही म्हणतो, पण फोन उशाखालीच असतो. त्याला कुणाकडं न्यावं?

मोबाइल दुकान, नवी पेठ
काउंटरवरून दिसतं ते लिहितो. ज्यांना गंमत होती ते थांबले. ज्यांना चटक होती ते 'आयडी'वर गेले. व्हॉट्सॲपवर नंबर येतो, बाहेरच्या देशातल्या साइटचा आयडी-पासवर्ड मिळतो, पैसे कुणातरी तिसऱ्याच्याच खात्यावर टाकायचे. साइट बंद केली की दुसऱ्या नावाने उघडते. आधी जीएसटी तरी कापला जायचा, केवायसी व्हायची. इथे जिंकलेले पैसे बुडवले तरी दाद कुणाकडे मागणार? परवा एक ओळखीचा पोरगा विचारत होता, महिन्याला ठरावीक रक्कम मिळते, बँक खातं वापरायला देऊ का? सरकारने साइटमागे पळण्यापेक्षा ही भाड्याची खाती धरावीत. पैसा तिथूनच जातो.

धागाकर्ता
कुंभारीच्या ताई, १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी मदतीचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलगा तयार नसेल तर आधी तुम्ही बोला. नवी पेठवाले दादा, त्या पोराला आजच अडवा: पोलीस सगळ्यात आधी खातेदाराच्याच दारात येतात. खातं दिलं असेल तर बँकेत जाऊन बंद करा, आणि कुणाचे पैसे फसवणुकीत गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार नंबरला फोन करा.